कप्पीवाला ब्रुनेल

फर्स्ट इयरला कार्पेंट्री शॉपमध्ये टी-जॉइंटचा जॉब ज्याने केला नाही असा इंजिनीअर शोधून सापडायचा नाही. केला म्हणजे काय, काहींनी खरंच केला आणि काहींनी सीनियरचा जुना जॉब पॉलिश पेपरने घासून नवा म्हणून सबमिट केला. मी दुसऱ्या गटातला. त्यामुळे दोन वर्षांनी त्याच शॉपमध्ये माझ्या तळहाताला तीन टाके पडले यात नवल काहीच नाही. हा लेख त्या तीन टाक्यांमुळे लिहिला गेला आहे. पण लेख माझ्यावर नाही. तो आहे दोनशे वर्षांपूर्वी लाकूडकामाची यंत्रं करणाऱ्या एका माणसावर. त्याच्या मुलाचं नाव आपल्याला माहीत असतं, त्याचं मात्र नसतं.

झालं असं, की गेल्या वर्षी आमच्या मेसमधली स्टुलं अगदीच खिळखिळी झाली होती. बसलं की डुलायची आणि आमटीची वाटी घेऊन डुलणं काही बरं नव्हे. रेक्टर सरांनी लाकूड आणि थोडे पैसे द्यायचं कबूल केलं. हॉबी क्लबच्या आम्ही चौघांनी तीस नवी स्टुलं स्वतः करून देतो असं छातीठोकपणे सांगून टाकलं. त्याच पैशातून शॉपसाठी एक मशीनही घ्यायचं ठरलं. आमचा डोळा होता तो ‘पाच कामं एकात’ करणाऱ्या मशीनवर. कापणं, रंधणं, भोक पाडणं, खाच मारणं, सगळं एकाच टेबलावर! कॅटलॉगमध्ये दिसतही झकास होतं. शॉपमधले मामा मात्र नुसती मान हलवत राहिले. मामा म्हणजे आमचे कार्पेंट्रीचे इन्स्ट्रक्टर. त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी अर्धीच आहे. ती कुठे गेली ते मामा सांगत नाहीत आणि विचारायची कोणाची हिंमत होत नाही.

एका संध्याकाळी मामा चहाला गेले असताना मी सर्क्युलर सॉ चालू केली. वीतभर तुकडा होता, त्यासाठी कोण फेन्स लावत बसणार? गार्ड वर केला, तुकडा दोन्ही हातांनी धरला आणि ढकलला. तुकडा जरा वाकडा गेला, पात्याच्या मागच्या दातांनी त्याला उचलला आणि तो उलटा उसळून माझ्या बरगडीवर आला. तोल जाऊन हात टेबलावर आपटला आणि तळहात पात्याला निसटता लागला. दोन सूत पुढे असता तर आज हा लेख मी डाव्या हाताने लिहीत असतो. मामांनी धावत येऊन स्विच बंद केला. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, की करवत कधी चुकत नाही, लाकूड धरणारा चुकतो.

हाताला बँडेज, त्यामुळे जर्नल लिहायची सोय नाही. आठवडाभर लायब्ररीत बसून होतो. तिथे यंत्रांच्या इतिहासाच्या एका जाडजूड पुस्तकात एका लाकडी कप्पीचं चित्र दिसलं आणि खाली नाव होतं : मार्क इसाम्बार्ड ब्रुनेल.

ब्रुनेल म्हटलं की सिव्हिलवाल्यांना आठवतो तो इसाम्बार्ड किंगडम ब्रुनेल. ग्रेट वेस्टर्न रेल्वेवाला, उंच हॅट आणि तोंडात चिरूट असलेला. तो मुलगा. मी सांगतोय बापाची गोष्ट.

मार्क ब्रुनेल जन्मला २५ एप्रिल १७६९ रोजी फ्रान्समधल्या नॉर्मंडी प्रांतातल्या अक्व्हील या खेड्यात. घर शेतकऱ्याचं, बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी. धाकट्या मुलाने पाद्री व्हावं ही तिथली रीत, म्हणून अकराव्या वर्षी त्याला रुआँच्या धर्मशाळेत शिकायला घातलं. पण पोराचं लक्ष लॅटिनमध्ये नव्हतंच, ते गावातल्या सुताराच्या दुकानात. असं सांगतात, की एकदा एक हत्यार फार आवडलं तेव्हा त्याने डोक्यावरची टोपी गहाण टाकून ते विकत घेतलं. (आपण काय काय गहाण टाकतो ते इथे नको!) तिथल्या मुख्य गुरूंनी मात्र शहाणपणा केला. मारून मुटकून पाद्री करण्याऐवजी त्यांनी त्याला सुतारकाम शिकू दिलं. नंतर तो रुआँमध्येच नात्यातल्या एका निवृत्त जहाज-कप्तानाकडे राहिला, गणित आणि चित्रकला शिकला आणि १७८६ मध्ये नौदलात उमेदवार म्हणून भरती झाला. सहा वर्षं वेस्ट इंडीजच्या बाजूला जहाजावर काढली. सूर्याची उंची मोजायचं उपकरण पाहून त्याने आपल्यापुरतं तसंच एक स्वतःच्या हाताने बनवलं होतं. थोडक्यात, माणूस आधी हाताचा आणि मग कागदाचा.

१७९२ मध्ये तो परतला तेव्हा फ्रान्समध्ये क्रांतीचा वणवा पेटलेला होता. ब्रुनेल राजाच्या बाजूचा, आणि तोंडाने जरा मोकळा. अशा माणसाचं डोकं तेव्हा फार दिवस धडावर राहत नसे. याच धामधुमीत रुआँमध्ये त्याला सोफिया किंगडम भेटली. ती इंग्रज मुलगी, फ्रेंच शिकायला आलेली. प्रेम जमलं, पण त्याला पळावं लागलं. जुलै १७९३ मध्ये तो ‘लिबर्टी’ नावाच्या जहाजाने अमेरिकेला निघाला. सांगतात, की वाटेत फ्रेंच युद्धनौकेने जहाज अडवलं तेव्हा याच्या लक्षात आलं की पासपोर्ट मागेच राहिलाय. पठ्ठ्याने तिथल्या तिथे हाताने हुबेहूब पासपोर्ट काढला आणि तो चालूनही गेला! इंजिनीअरिंग ड्रॉइंगचा असा उपयोग आपल्या सिलॅबसमध्ये नाही. सोफिया मात्र मागे अडकली आणि इंग्रज म्हणून कैदेत पडली. पुढे सुटून ती १७९५ मध्ये लंडनला पोचली.

अमेरिकेत ब्रुनेलने जमिनीची मोजणी केली, कालव्यांची कामं केली, तिथलं नागरिकत्व घेतलं आणि न्यूयॉर्क शहराचा मुख्य इंजिनीअरही झाला. सगळं छान चाललेलं. पण १७९८ मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर ब्रिटिश नौदलाचा विषय निघाला, आणि त्या नौदलाला कप्प्या पुरवणं किती अवघड होऊन बसलंय हे त्याच्या कानावर पडलं.

आता ही कप्पी म्हणजे काय? आपल्याकडे विहिरीवर असते तीच. शिडाच्या जहाजावर शिडं ओढायची, तोफा हलवायच्या, माल चढवायचा तर दोर हवेत आणि दोर फिरवायला कप्प्या हव्यात. ७४ तोफांच्या एका जहाजाला हजाराच्या आसपास कप्प्या लागत. ब्रिटिश नौदलाला दरवर्षी लागत एक लाख! त्या काळातलं आपलं उदाहरण घ्या. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली सागवानाची ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ मध्ये बांधून झाली आणि १८१९ मध्ये ती इंग्लंडच्या पोर्ट्समथ बंदराला पोचली. आजही ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. तिचा फोटो पाहा, दोऱ्यांचं जाळं बघून डोळे फिरतात. त्या प्रत्येक दोराच्या वळणावर एक कप्पी आहे असं समजा.

आणि कप्पी दिसते साधी, पण असते तापदायक. बाहेरचा लाकडी ठोकळा, त्यात आरपार साल (म्हणजे आपण कूस बसवायला पाडतो तशी लांबट चौकोनी खाच), त्या सालीत फिरणारं लाकडी चाक आणि मधून जाणारी लोखंडी पिन. साल वाकडी पडली की चाक घासतं. चाक घासलं की दोर अडकतो. आणि वादळात दोर अडकला तर पुढचं सांगायला नको. हे सगळं तेव्हा बहुतेक हातानेच चालायचं. साउथॅम्प्टनच्या टेलर कुटुंबाच्या कारखान्यात गोल करवती वगैरे होत्या, पण पुष्कळसं काम कुशल कारागिरांच्या पटाशीवरच अवलंबून होतं.

ब्रुनेलच्या डोक्यात किडा शिरला. फेब्रुवारी १७९९ मध्ये अमेरिकेतली जमलेली नोकरी सोडून, हॅमिल्टनचं ओळखपत्र खिशात घालून तो इंग्लंडला निघाला. तिकडे सोफिया वाट बघत होतीच. सहा वर्षं! १ नोव्हेंबर १७९९ रोजी त्यांचं लग्न झालं. म्हणजे एकाच फेरीत बायको आणि प्रोजेक्ट, दोन्ही मिळाले.

१८०१ मध्ये त्याने पेटंट घेतलं आणि आधी टेलरांकडेच गेला. त्यांनी नकार दिला. आपल्या पद्धतीत आणखी सुधारणा होऊ शकते हे त्यांना पटलं नाही. काही वर्षांतच नौदलाचं ते काम त्यांच्या हातून गेलं. मग ब्रुनेलची गाठ पडली नौदलाच्या बांधकामांचे प्रमुख निरीक्षक सर सॅम्युअल बेंथम यांच्याशी. हा माणूसही भन्नाट. लाकूड रंधणं, कापणं, खाचणं यासाठी यंत्रं कशी असावीत यावर त्यांनी १७९३ मध्येच मोठं पेटंट घेतलेलं. कप्प्यांची यंत्रं ते स्वतःही आखत होते. पण ब्रुनेलची मॉडेल्स पाहिली आणि आपली योजना बाजूला ठेवून त्यांनी ब्रुनेलची शिफारस केली. ग्रुप प्रोजेक्टमध्ये दुसऱ्याचं डिझाइन आपल्यापेक्षा चांगलं आहे असं कबूल करणारा मेंबर कोणी पाहिलाय का? मी तरी नाही.

ही मॉडेल्स कोणी बनवली? हेन्री मॉड्स्लेने. तेव्हा तो लंडनमध्ये नुकतंच स्वतःचं दुकान टाकून बसला होता. जुन्या मालकाने आठवड्याला तीस शिलिंगांच्या वर पगार वाढवायला नकार दिला म्हणून बाहेर पडलेला. सांगतात, की ब्रुनेल त्याच्याकडे एकेक ड्रॉइंग आणून द्यायचा, पण कशासाठी ते सांगायचा नाही. तिसऱ्या-चौथ्या ड्रॉइंगला मॉड्स्लेनेच ओळखलं, की ही तर कप्पी बनवायची यंत्रं! मग लपवाछपवी संपली आणि जोडी जमली.

आता या लेखातला मुख्य मुद्दा. ब्रुनेलने कप्पी बनवणारं ‘एक’ यंत्र केलंच नाही. त्याने कप्पीचं काम तोडलं. लाकूड आडवं कापणं हे एक काम, उभं चिरणं दुसरं, भोक पाडणं तिसरं, साल पाडणं चौथं, कोपरे उडवणं पाचवं, गोलाई देणं सहावं, दोर बसायची खोबण काढणं सातवं. चाकाची कामं वेगळीच. आणि प्रत्येक कामाला वेगळं यंत्र. सगळी मिळून ४५ यंत्रं, १८०३ ते १८०५ दरम्यान पोर्ट्समथच्या गोदीत बसली, वाफेच्या इंजिनावर पट्ट्यांनी चालणारी. साल पाडायची यंत्रं तर लहान, मध्यम आणि मोठ्या कप्प्यांसाठी निरनिराळी. एकाच यंत्राला खालीवर करून सगळं साधायचा हट्ट नाही.

बघा काम कसं चालायचं. एल्मच्या लाकडाचा ठोकळा आधी भोक पाडायच्या यंत्रात जायचा. तिथे तो शिकंजात पक्का आवळला जायचा आणि आवळताना त्याच्यावर ठरावीक जागी खुणा उमटायच्या. पुढच्या यंत्रांत ठोकळा त्याच खुणांवर बसवायचा. म्हणजे प्रत्येक वेळी नव्याने मोजायचं, आखायचं काम नाही. पहिल्या यंत्रात तो जसा बसला तसाच शेवटपर्यंत बसणार. हेच आपल्याला थर्ड इयरला जिग्ज अँड फिक्श्चर्समध्ये ‘डेटम’ म्हणून शिकवतात आणि आपण रात्री दोन वाजता पाठ करतो! साल पाडायच्या यंत्रात पटाशी मिनिटाला शंभराहून जास्त वेळा खालीवर व्हायची आणि प्रत्येक ठोक्याला ठोकळा केसभर पुढे सरकायचा. साल पुरी झाली की सरकणं आपोआप थांबायचं. गोलाई द्यायच्या यंत्रात एका मोठ्या चाकाच्या कडेवर दहा ठोकळे एकदम पकडायचे, चाक फिरवायचं आणि हत्यार ठरलेल्या वळणावरून नेलं की दहाच्या दहा बाजू एकसारख्या. मग सगळे ठोकळे पाव वळण फिरवायचे आणि पुढची बाजू. आतलं चाक लिग्नम व्हायटी या फार कठीण आणि अंगचंच तेलकट असलेल्या लाकडाचं; त्याच्या मध्यभागी मिश्रधातूचं बुश बसवायलाही वेगळं यंत्र होतं.

आणखी एक गोष्ट. ही यंत्रं लोखंडी होती. त्याआधी यंत्राचा सांगाडा म्हणजे बऱ्याच वेळा लाकडाचाच. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, हादऱ्याने सैल होतं. मॉड्स्लेने धातूचा सांगाडा दिला आणि यंत्र हललं नाही, म्हणून पटाशी जिथे पडायला हवी तिथेच पडली. यातली काही यंत्रं एकोणीसशे साठच्या दशकापर्यंत वापरात होती. दीडशे वर्षं! काही आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहेत.

१८०८ मध्ये या कारखान्यातून एक लाख तीस हजार कप्प्या निघाल्या. आणि जिथे आधी ११० कुशल कारागीर लागत तिथे दहा अकुशल माणसं पुरू लागली.

हे वाक्य मी मामांना मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं. मला वाटलं, खूश होतील. मामा पटाशीला धार लावत होते. त्यांनी धार लावणं थांबवलं आणि विचारलं, की उरलेल्या शंभर जणांचं काय झालं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामांचे वडील गावचे सुतार होते, बैलगाड्या करायचे. गाड्यांना रबरी टायर आले आणि गावातलं ते काम संपलं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आपण व्हायवामध्ये ‘प्रॉडक्टिव्हिटी’ची व्याख्या धडाधड सांगतो. त्या अपूर्णांकात छेदातून कमी होतात ती माणसं असतात, हे कोणी विचारत नाही. मी हे लिहितोय म्हणजे यंत्रं नकोत असं नाही. पण तो प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून तुमच्याही डोक्यात सोडतोय.

असो. ब्रुनेलकडे परत येऊ. बक्षीस म्हणून त्याला एका वर्षातल्या बचतीइतकी रक्कम मिळायची होती. ती सतरा हजार पौंडांच्या घरात ठरली, पण हातात पडायला बऱ्याच अर्जविनंत्या कराव्या लागल्या आणि १८१० साल उजाडलं. सरकारी बिल ते सरकारी बिल, देश कोणताही असो. तोवर पोर्ट्समथलाच ९ एप्रिल १८०६ रोजी मुलगा झाला होता, तोच आपला प्रसिद्ध इसाम्बार्ड.

मग ब्रुनेल पुरता करवतींच्या मागे लागला. लंडनजवळ बॅटरसीला स्वतःची सॉ मिल काढली. तिथे गोल करवती होत्या, मोठ्यात मोठी १८ फूट व्यासाची! एवढं पातं एकसंध कसं करणार? म्हणून कडेला तुकडे जोडून दात बसवलेले. पातं कडेला पातळ, त्यामुळे भुसा कमी आणि महागड्या लाकडाचे कागदासारखे पापुद्रे निघायचे. हाच व्हिनियर. चॅटमच्या गोदीसाठीही त्याने मोठी सॉ मिल उभारली.

१८०९ मध्ये स्पेनमधल्या लढाईहून परतलेले सैनिक त्याने पोर्ट्समथला उतरताना पाहिले. पायात बूट नाहीत, चिंध्या गुंडाळलेल्या. ठेकेदारांचे बूट चार दिवसांत फाटायचे. ब्रुनेलने बूट बनवायची यंत्रं केली आणि ती चालवायला लढाईत अपंग झालेले सैनिक घेतले. सरकारने बूट उचलले, आणखी करा म्हणाले. याने केले. १८१५ मध्ये वॉटर्लू झालं, युद्ध संपलं आणि बुटांचे ढीग कारखान्यात तसेच पडून राहिले. त्याआधी ३० ऑगस्ट १८१४ रोजी बॅटरसीच्या सॉ मिलला आग लागून बराचसा कारखाना खाक झाला होता. लाकूड, भुसा, वाफेचं इंजिन : एक ठिणगी पुरते. त्यात हिशेबाकडे याचं लक्ष कधीच नव्हतं. केसभर साल सरकवणाऱ्या माणसाला खतावणीत हजारो पौंड सरकलेले दिसले नाहीत.

मे १८२१ मध्ये कर्जापायी त्याला तुरुंगात जावं लागलं. सोफियाही त्याच्याबरोबर तिथे जाऊन राहिली. तीच ती सोफिया, जी त्याच्या मागे फ्रान्समध्ये कैदेत पडली होती. जवळजवळ तीन महिने गेले. तिथूनच त्याने रशियाच्या झारशी नोकरीबद्दल पत्रव्यवहार सुरू केला आणि मग इंग्लंडमधल्या मोठ्या लोकांना जाग आली. वेलिंग्टनच्या ड्यूकने शब्द टाकला आणि देश सोडायचा नाही या अटीवर सरकारने पाच हजार पौंड देऊन कर्ज फेडलं. ज्याच्या कप्प्यांवर नौदल चाललं, त्याला सोडवायला रशियाची भीती दाखवावी लागली.

यानंतर माणूस संपायला हवा होता. वय बावन्न, डोक्यावर तुरुंगाचा शिक्का. पण त्याचं सगळ्यात मोठं काम अजून व्हायचं होतं आणि गंमत म्हणजे तेही लाकडातूनच आलं. चॅटमच्या गोदीत जहाजाच्या लाकडाचा एक कुजका तुकडा त्याने पाहिला होता. त्यात टेरेडो नावाचा किडा होता. हा किडा डोक्यावरच्या कठीण शिंपल्याने लाकूड कोरत पुढे जातो आणि मागे बिळाला आतून चुन्याचा गिलावा करत येतो. ब्रुनेलने विचार केला, नदीखालून बोगदाही असाच का नाही खणायचा? पुढे लोखंडी ढाल, तिच्या ३६ कप्प्यांत एकेक कामगार समोरची माती थोडी थोडी काढतोय, ढाल पुढे सरकतेय आणि मागे लगेच विटांचं बांधकाम. १८१८ मध्ये पेटंट, १८२५ मध्ये थेम्स नदीखाली काम सुरू. ढाल बनवली पुन्हा मॉड्स्लेच्याच कारखान्याने.

पाणी आत शिरलं, १८२७ मध्ये आणि पुन्हा १८२८ मध्ये. दुसऱ्या वेळी सहा माणसं मेली आणि मुलगा इसाम्बार्ड थोडक्यात वाचला. पैसे संपून काम सात वर्षं बंद पडलं. शेवटी २५ मार्च १८४३ रोजी बोगदा खुला झाला. वाहत्या नदीखालून नेलेला हा जगातला पहिला बोगदा, लांबी सुमारे ४०० मीटर. आजही त्यातून लोकल गाड्या धावतात. आपल्या मुंबईत मेट्रो-३ साठी मिठी नदीखालून ज्या यंत्रांनी बोगदे काढले, त्यांचा खापरपणजोबा म्हणजे ही ढाल. आणि त्या ढालीचा गुरू एक लाकूड खाणारा किडा! १८४१ मध्ये ब्रुनेल ‘सर’ झाला आणि १२ डिसेंबर १८४९ रोजी ऐंशी वर्षांचा होऊन लंडनमध्ये वारला.

आता आमच्या स्टुलांचं काय झालं? टाके निघाल्यावर आम्ही चौघं कॅटलॉग मिटवून बसलो आणि ब्रुनेलसारखं काम तोडलं. स्टुलाला चार पाय, वर चार पट्ट्या आणि खाली चार पट्ट्या. प्रत्येक पट्टीला दोन कुशी, म्हणजे एका स्टुलाला १६ साली. तीस स्टुलांना ४८०! हाताने एका सालीला पंधरा मिनिटं धरली तरी १२० तास. कापायला सर्क्युलर सॉ शॉपमध्ये होतीच, रंधायचं मशीनही होतं. अडत होतं ते सालीपाशी. मग पाच कामांच्या मशीनचं काय करायचं? त्यात एका कामावरून दुसऱ्या कामावर जाताना पात्याची उंची, टेबल, फेन्स, सगळं पुन्हा जुळवा. आणि एक जण कापत असेल तर बाकीचे तिघं गाणी म्हणत बसा. आम्ही घेतलं नुसतं साल पाडायचं मशीन, चौकोनी पटाशीच्या आत गिरमिट फिरतं ते. जड बिडाचं, जमिनीला बोल्ट मारून बसवलेलं. मामांनी पहिल्यांदा मान उभी हलवली.

आणि वापरायचं कसं, तेही ज्युनियर्ससाठी इथेच लिहितो, कारण मला कोणी लिहून दिलं नव्हतं. मशीन ठेवताना त्याच्यापुढे आणि मागे फळीच्या लांबीइतकी मोकळी जागा हवी. नाहीतर फळी अर्ध्यावर भिंतीला टेकते आणि मग आपण वाकड्या हाताने ओढतो. गोल करवतीवर लाकूड फेन्सला टेकवूनच सरकवायचं, हातात धरून कधीच नाही. तुकडा लहान असेल तर शेवटचा ढकला काठीने द्यायचा, बोटाने नाही. पात्याच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही, जरा बाजूला. उसळलेला तुकडा रेषेत येतो. पात्यामागची पाचर काढायची नाही, चिरलेलं लाकूड मिटून पात्याला चिमटा बसू नये म्हणून ती असते. गार्ड खाली. हातमोजे नाहीत, लोंबती बाही नाही, गळ्यात मोबाईलची दोरी नाही. अडकलेली चिपळी काढायची तर आधी स्विच बंद, पातं पूर्ण थांबू द्यायचं, मग हात. आणि मामा चहाला गेले असतील तर आपणही चहाला जायचं!

तीस स्टुलं अडीच महिन्यांत झाली. मेसमध्ये आहेत, बसून बघा, डुलत नाहीत. सहाव्या स्टुलाची एक साल जरा तिरकी आहे. ती मामांनी मुद्दाम तशीच ठेवायला लावली. आणि फर्स्ट इयरचा तो ढापलेला टी-जॉइंट? तो मी या सुट्टीत मामांच्या समोर बसून हाताने केला, करवत, रंधा आणि पटाशी घेऊन. चार तास लागले आणि फट राहिली ती राहिलीच. पण साल कशी पडते हे हाताला कळल्याशिवाय ती पाडणारं यंत्र डोक्याला कळत नाही. टोपी गहाण टाकणाऱ्या त्या पोराला हे अकराव्या-बाराव्या वर्षी कळलं होतं. मला तीन टाके पडल्यावर कळलं.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी